वाघासकट वाडी

आमच्या बाग कमिटीत माणसं चार. नाना राऊत, गुरांचे डॉक्टर सबनीस, हसनचाचा आणि मी. कमिटी मोडून बरीच वर्षं झाली. पण अजूनही आमच्यातले दोघं जरी अलिबागच्या एसटी स्टँडवर भेटले तरी संपलं! एक म्हणतो, "ते आठवतंय का हो..." आणि दुसऱ्याची गाडी सुटते. किस्से काही कोणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावरच्या भांड्यांसारखे ते आपले वाढत जातात. एक काढायला हात घालावा तर चार अंगावर येतात.

फक्त एक आहे. हसता हसता मध्येच कोणीतरी गप्प होतं. मग दुसराही होतो. त्यामुळे हे हसण्याचे किस्से आहेत की कसले, ते माझं अजून ठरलेलं नाही. तुम्ही ऐका आणि ठरवा.

*

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. मी चौलला मुलींच्या शाळेत शिकवत होते. दत्ताच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला मुंबईच्या एका गुजराती शेटजींची नारळ-सुपारीची मोठी वाडी होती. शेटजींना जनावरांचा शौक. वाडीच्या मागच्या अंगाला त्यांनी पिंजरे बांधून घेतले होते. त्यात एक बिबट्याची मादी, दरवेशाकडून घेतलेलं एक अस्वल आणि काही माकडं. शिवाय सिमेंटच्या हौदात एक मगर. दत्ताच्या जत्रेला आलेले लोक जाता-येता ही 'वाघाची बाग' बघून जायचे.

शेटजींचं वय झालं आणि त्यांनी वाडी विकायला काढली. घेतली आमच्या नाना राऊतांनी. नाना म्हणजे पक्के बागाईतदार. नारळाला नखानं वाजवून आत पाणी किती ते सांगणारे! व्यवहार झाला, शेटजींनी चाव्यांचा जुडगा हातावर ठेवला. नानांनी सहज विचारलं, "शेट, ही जनावरं कवा नेनार?"

"कुठे नेऊ?" शेटजी म्हणाले. "नाना, झाड तुमचा, विहीर तुमचा, पंप तुमचा. आता हा वाघ काय मी मुंबईला चौथ्या माळ्यावर नेऊ? तुम्ही स्वता बोल्ला होता, जे हाय ते सगळा घेतो!"

नाना बिचारे पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होते, "सगळं इचारलं मी! पंप चालू हाय का इचारलं, विहीर आटते का इचारलं. वाघ चालू हाय का, हे कोन इचारतो?"

वाघाबरोबर नानांना आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे हसनचाचा. मूळचे मुरुडचे. तरुणपणी घोड्यांच्या पागेत होते, मग शेटजींनी जनावरं सांभाळायला इकडे आणलं. पांढरी दाढी, चौकड्यांची लुंगी, आणि तोंडानं सतत कोणाशी तरी बोलणं चाललेलं. जवळ जाऊन बघावं तर समोर माणूस नसायचाच. बिबटीणीला ते 'बेगम' म्हणत, अस्वलाला 'भोलू'. मगरीला काहीच म्हणत नसत. "तिचा-माझा अजून परिचय झाला नाय," म्हणायचे.

*

मी कमिटीत आले ती भांडायला म्हणून.

चौथीच्या मुलींना घेऊन मी वाडीत सहल नेली होती. रविवारचा दिवस, गर्दी तोबा. पेणचे, अलिबागचे, रेवदंड्याचे लोक. पिंजरा म्हणाल तर आमच्या शाळेच्या ऑफिसाएवढा. त्यात ती बिबटीण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची, वळायची, परत यायची. वळताना तिची कूस दर वेळी गजाला एकाच जागी घासायची. त्या जागचे केस गेले होते.

मुली आधी ओरडल्या, मग टाळ्या वाजवल्या, मग हळूहळू गप्प झाल्या. त्यातली एक, म्हात्र्यांची सुलभा, माझ्या पदराला धरून म्हणाली, "बाई, हिनं काय केलं होतं?"

मी मुलींना झाडाखाली डबे खायला बसवलं आणि तडक नानांच्या ओटीवर गेले. तोंडाला येईल ते बोलले. पिंजरा केवढा, गर्दी केवढी, लोक खडे मारतात, तुम्हाला काही वाटतं की नाही!

नाना सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्यासारखंच परवा त्ये गुरांचे डॉक्टर येऊन बोल्ले. मी आता कमिटी करतो. तुम्ही दोघं बोला, मी ऐकतो, हसन काम करील."

अशी आमची बाग कमिटी स्थापन झाली!

*

त्या वर्षीची दत्तजयंतीची जत्रा. डोंगरावर दर्शन घेऊन उतरलेली सगळी माणसं सरळ वाडीत. बैलगाड्यांची रांग रस्त्याला लागलेली, एसटी ज्यादा सोडलेल्या. पिंजऱ्यापाशी उभं राहायचं म्हणजे मागच्या माणसाचा नारळ आपल्या पाठीत!

सकाळभर गोंगाट ऐकून बिबटीण दमली आणि कोपऱ्यात तोंड लपवून पडली. लोकांना ते कसं चालणार? एका गृहस्थांनी छत्रीचं टोक गजांतून आत घातलं. मी धावले.

"अहो, काय करता?"

"वाघ झोपलाय, बाई. उठवतोय. आम्ही पार पेणवरनं आलोय!"

मी भडकले. म्हटलं, "तुम्ही दुपारी जेवून आडवे होता, तेव्हा कोणी येतं का तुमच्या घरी छत्री टोचायला?"

गृहस्थ जराही न अडखळता म्हणाले, "येते की! माझी सासू!"

सगळी गर्दी हसली. त्यांची बायको पलीकडे उभी होती, ती काही हसली नाही. पण छत्री तिनंच काढून घेतली. आणि हो, त्या हशाच्या आवाजानं बिबटीण उठलीच. परत फेऱ्या सुरू.

*

लोक जनावरांना काय वाटेल ते खायला घालायचे. भजी, जिलबी, विडीची थोटकं. माकडांची पोटं बिघडली. डॉक्टर सबनिसांनी कमिटीत ठराव मांडला की बोर्ड लावा. डॉक्टर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले, आणि बोर्डांवर त्यांचा फार विश्वास.

रेवदंड्याच्या पेंटरला मजकूर दिला : 'प्राण्यांना खायला देऊ नये.' पेंटरनं निळ्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत काम केलं. पुढच्या रविवारच्या आत बोर्ड दाराशी लागला सुद्धा. आम्ही निर्धास्त!

त्या रविवारी बघतो तर प्रत्येकाच्या हातात पुडी. पाव, केळी, शेंगदाणे, उकडलेले बटाटे. एक आजी तर पातेलं भरून भात घेऊन आलेल्या. मी म्हटलं, "आजी, अहो, बोर्ड वाचला नाहीत का?"

"मला कुठं वाचता येतंय गो? नातवाकडनं वाचून घेतला. म्हून तर घरी जाऊन भात टाकला आन् आले!"

मी आणि डॉक्टर दाराशी पळालो. पेंटरनं शब्द ओळीत बसवताना जागा जरा इकडची तिकडे केली होती. बोर्डावर स्वच्छ लिहिलेलं होतं : 'प्राण्यांना खायला देऊन ये!'

डॉक्टरांनी बोर्ड दोनदा मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, "बाई, या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी भाषेतली सूचना पाळली, आणि ती ही!"

*

श्रावण लागला तशी नवी अडचण. नानांच्या घरी श्रावण कडक. नानांनी हसनचाचांना बोलावून सांगितलं, "म्हैनाभर माझ्या वाडीत मटन शिरनार न्हाय."

"आणि बेगम?"

"तिला दूध घाल. आमच्या घरात म्हैस हाय."

डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. नाना ऐकेनात. देवाचं मध्ये आणलं की नाना कोणाचंच ऐकत नसत. दूध घातलं, तर तिनं भांडं उलटं केलं. फेऱ्या मारायचीही थांबली आणि नुसती बसून राहिली. ते फेऱ्यांपेक्षा वाईट होतं. मला शाळेत कशात लक्ष लागेना. फळ्यावर गणित लिहिता लिहिता मी मध्येच थांबायचे.

शेवटी हसनचाचा नानांच्या ओटीवर जाऊन हात जोडून उभे राहिले. "नाना, तुमचं बरोबर हाय. धर्म तो धर्म. मी बेगमला समजावून सांगतो. पण एवढी मेहेरबानी करा. पहिल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी तुमच्या हातानं आत ठेवून या. मालकाच्या हातचं ती नको म्हणणार नाय."

नाना सुपारी कातरायचे थांबले. पिंजऱ्याच्या दिशेनं बघितलं.

"आन मटन," म्हणाले. "पन मागल्या दारानं!"

*

मगरीचा किस्सा छोटा आहे. ती कधी हलायचीच नाही. हौदाच्या काठावर तोंड अर्धं उघडं ठेवून पडलेली. लोक करवंट्या मारायचे, काठीनं ढोसायचे, ती ढिम्म! मग एका हुशार माणसानं ठरवलं की ही सिमेंटची आहे, शेटजींनी मुंबईहून करवून आणलेली. ही बातमी मुरुडपासून पेणपर्यंत पसरली. तेव्हापासून तिला कोणी त्रास देईना.

नानांनाही मनातून शंका होती. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. हौदासकट वतली नसंल ना हिला?"

हसनचाचा मागून म्हणाले, "जिवंत हाय, नाना. फक्त इज्जतदार हाय. कोणाच्या सांगण्यावरून हलत नाय."

*

आता भोलूचं सांगते.

भोलू म्हणजे अस्वल. दरवेशाकडे असताना त्याच्या नाकातून दोरी ओवलेली होती. दोरी गेली, भोक राहिलं होतं. ते सारखं चिघळायचं. डॉक्टरांनी त्याला कितीदा औषध लावलं. पहिल्यांदा ते इतक्या लांबून लावायला गेले की अर्धं औषध हसनचाचांच्या दाढीला! पण पुढे पुढे भोलू त्यांची सायकल वाजली की नाक गजांशी आणून ठेवायचा.

भोलू दिवसभर एका जागी उभा राहून डोलायचा. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. लोक खूष! "नाचतंय बघ, नाचतंय!" कोणी तोंडानं ढोलकी वाजवायचं, पोरं शिट्ट्या मारायची. डॉक्टर कळवळून सांगायचे, "अहो, हा नाच नाही. बांधून ठेवल्यानं त्याला वेड लागतंय." पण एवढ्या कल्लोळात ऐकतो कोण?

एका दुपारी गर्दी पांगल्यावर एक बाई तिथंच उभी राहिलेली दिसली. माणगावकडची होती. नवसाला आलेली, काखेत मूल. भोलूकडे टक लावून बघत होती. मी म्हटलं, "एसटी चुकेल हो तुमची."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचं मालक मुंबईला गिरनीत हायती. एका खोलीत बारा जनं. मी गेलते मागल्या साली. सुट्टीच्या दिशी ते खाटंवर बसून असंच हलत व्हते. मी म्हनलं, काय वो, गानं आठवलं काय?"

मूल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि ती गेली. एसटी मिळाली की नाही, माहीत नाही.

*

भोलू आषाढात गेला. पाऊस धो धो पडत होता. आधी खाणं सोडलं, मग डोलणं सोडलं. डॉक्टर रोज यायचे, सायकल वाजायची, पण नाक पुढे येईना. शेवटच्या दिवशी हसनचाचा पिंजऱ्याचं दार उघडून सरळ आत जाऊन बसले. आम्ही अडवलं नाही. त्याच्या कानाशी ते काहीतरी बोलत होते. काय बोलले ते आम्ही कधीच विचारलं नाही.

नारळाच्या झाडाखाली पुरला त्याला. नाना छत्री घेऊन उभे होते. पण छत्री त्यांनी मिटलेलीच ठेवली होती.

पुढच्या रविवारी पाऊस उघडला आणि माणसं आली. एक जण नानांना म्हणाला, "ओ, ते नाचनारं अस्वल कुठाय?"

"मेलं," नाना म्हणाले.

"आरं तिच्या! मंग आता बघायचं काय?"

नानांनी चाव्यांचा जुडगा काढला. चालत दारापाशी गेले, होती नव्हती तेवढी सगळी माणसं एकेक करून बाहेर घातली, आणि कुलूप लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही मागं म्हनत व्हता, वाघाला मोठी जागा मिळंल असं कुठं तरी लिवायचं. लिवा."

*

लिहिणं चाललं होतं, उत्तरं येत नव्हती. त्या दिवसांतली गोष्ट. मी वर्गात भूगोल शिकवत होते. एकदम मुली खुसुखुसू हसायला लागल्या. मी दरडावलं, "काय झालं?" शेवटी सुलभाच उठली.

"बाई, रागावणार नाही ना? तुम्ही मघापासून फळ्याच्या या टोकाहून त्या टोकाला जाता. वळताना दर वेळी टेबलाला घासता."

मी खाली बघितलं. पदराला त्या जागी खडूचा पट्टा उमटला होता.

मी खुर्चीत बसले. पण बसवेना!

*

अखेर एक मोठे साहेब पाहणीला आले. कोण, ते राहू दे. जीप, बरोबर कारकून, शिपाई, आणि वाघ बघायला आणलेली घरची मंडळी. घाटावरच्या एका शहरातल्या मोठ्या बागेनं बिबटीण ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. तिथं म्हणे झाडं होती, चढायला खडक होते. फक्त या साहेबांची परवानगी हवी होती.

साहेबांनी पिंजरा या बाजूनं बघितला, त्या बाजूनं बघितला. मग हसून म्हणाले, "छान आहे की! हलवायचं कशाला? अहो, हा पिंजरा माझ्या ऑफिसपेक्षा मोठा आहे!"

बरोबरची सगळी मंडळी हसली. साहेब हसले म्हणजे हसायलाच लागतं. डॉक्टर खाली बघायला लागले.

नाना धोतराचा सोगा सावरून पुढे झाले. आवाज अगदी नरम. "व्हय सायेब. पन तुम्ही पाच वाजता घरी जाता."

हसू थांबलं. बिबटीण वळली, गजाला घासली, परत गेली. साहेबांनी तिची ती केस गेलेली कूस बघितली. मग कारकुनाकडे हात पुढे केला, "पेन द्या."

*

तिला न्यायची कशी? घाटरस्त्यानं ट्रकमधून नेली तर हादऱ्यांनी हाल होतील, असं डॉक्टरांचं मत. म्हणून रेवदंड्याहून मचव्यानं, म्हणजे शिडाच्या बोटीनं, मुंबई, आणि तिथून रेल्वे. मगरीलाही त्याच बागेनं घेतलं होतं. तेव्हा दोघी एकाच मचव्यात!

बंदरावर ही गर्दी. लोक धक्क्यावर, भिंतीवर, झाडांवर. बिबटीणीचा पिंजरा मधोमध ठेवून त्यावर ताडपत्री बांधली. मचवा हाकणारा तांडेल होता एक उंचापुरा कोळी. त्यानं फक्त एकच विचारलं, "बाय, ह्या वाघाला बोट लागली आन् उलटी झाली तं पुसनार कोन?"

"मी," हसनचाचा म्हणाले.

"मंग हरकत न्हाय."

मगर एका लांबोळ्या खोक्यात होती. खोक्याला वरून पट्ट्या ठोकलेल्या. तांडेलानंही ती सिमेंटची असल्याचं ऐकलं होतं. त्याला वाटलं, कोणा श्रीमंताच्या बागेत ठेवायला चाललीय. मचवा निघाला. आम्ही सगळे बरोबर होतो. भर दुपारी वारा पडला, तसा तांडेल जेवायला बसला. बसला तो खोक्यावर. भाकरीचा डबा पट्ट्यांवर ठेवला, सुक्या बोंबलाची चटणी उघडली.

इतक्या वर्षांत जी हलली नव्हती, ती त्या वासानं हलली! खोकं उचललं गेलं, आतून फुसकन आवाज आला, आणि पट्ट्यांच्या फटीतून दातांची रांग वर आली. डबा गेला. तांडेल एका उडीत शिडाच्या काठीवर!

वरूनच ओरडला, "बाय! सिमिट चटनी खाते काय गो?"

हसनचाचा शांतपणे म्हणाले, "चला. परिचय झाला."

*

माकडांचं आम्ही काय केलं, तर पिंजरा उघडून दिला. वाटलं, डोंगरावर जातील. ती कुठली जायला! सगळी नानांच्या नारळांवर चढून बसली. आजही तिथंच आहेत. नाना रोज त्यांना शिव्या देतात, आणि त्यांच्या घरच्या काकी रोज सकाळी शिळी भाकरी कुस्करून ओट्यावर ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "कावळ्यांसाठी हाय."

*

आणि हा शेवटचा.

बिबटीण गेल्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत नाना एकाएकी म्हणाले, "जाऊन बघून येऊ." कारण विचारलं तर चिडले, "कारन कशाला? सुट्टी हाय ना तुमची?" नाना आयुष्यात कधी घाट चढलेले नव्हते. डॉक्टरांना रजा मिळाली नाही. आम्ही तिघं गेलो.

बाग खरंच मोठी होती. झाडं होती, खडक होते. बिबटीणीला हिंडायला चांगली ऐसपैस जागा होती, पुढे जाळी. पण दिवाळीतला रविवार! मुंगीला शिरायला जागा नव्हती. फुगेवाले, पिपाण्या, कडेवर पोरं. जाळीपाशी माणसांचे थरावर थर. आम्ही चेंगरत कसेबसे पुढे गेलो.

ती मागे खडकाच्या सावलीला पडली होती. कुशीवरचे केस परत आले होते. मी ते पहिलं बघितलं. हसनचाचांनीही तेच बघितलं असावं, कारण त्यांनी डोळ्यांना लुंगीचं टोक लावलं. हाक मात्र मारली नाही. मी हळूच विचारलं, "चाचा, हाक मारा ना. ओळखेल."

"झोपलीय," ते म्हणाले. "मी तिला असं झोपलेलं कधी बघितलं नव्हतं."

तेवढ्यात पोरांनी पिपाण्या वाजवायला सुरुवात केली. कोणी जाळी खडखडवली. एकानं केळं भिरकावलं, ते तिच्या पाठीशी जाऊन पडलं. तिचा कान हलला. "उठतोय, उठतोय!" गर्दी ओरडली. बागेचा राखणदार लांब कुठंतरी शिटी फुंकत होता. मनात आलं, एवढी बोट, एवढी रेल्वे, एवढे सोपस्कार, आणि परत तेच?

शेजारी बघते तर नाना जागेवर नाहीत.

नाना जाळीच्या कठड्यावर चढले होते. वाघाकडे पाठ, माणसांकडे तोंड. डोक्यावर काळी टोपी, अंगात इस्त्रीचा कोट, हातात छत्री. दोन्ही हात वर करून गरजले, "चला, चला! वाघ आज दाखवायचा न्हाय! बंद! उद्या या!"

सुरात एवढी खात्री होती, की पुढची रांग चटकन मागे सरली. "का हो? काय झालं?"

"काय झालं म्हंजे? सांगितलं ना, बंद! तिकडं हत्ती हाय, हत्ती बघा!"

"हत्तीकडे चला रे, वाघ बंद झाला," कोणीतरी मागे सांगितलं. त्याच्या मागच्यानं त्याच्या मागच्याला. आणि खरंच सांगते, ती सगळी गर्दी, फुगे, पिपाण्या, पोरंबाळं, कुरकुरत का होईना, वळली आणि हत्तीच्या दिशेनं चालू लागली! मिनिटभरात जाळीपुढे आम्ही तिघंच.

बिबटीणीनं पाय ताणले, कूस बदलली, आणि तोंड पंजात खुपसून पुन्हा झोपली.

खाकी कपड्यातला राखणदार धावत आला. घामाघूम. गर्दी कुठं गेली म्हणून आधी तो चक्रावला, मग त्याला कठड्यावरचे नाना दिसले.

"ओ! खाली उतरा! वाघ बंद म्हणून कोणी सांगितलं? तुम्ही कोण?"

नाना सावकाश खाली उतरले. कोट झटकला. छत्री काखेत मारली.

"मी?" नाना म्हणाले. "मी हिच्या म्हायेरचा."